गंगेच्या मुळाशी, ग्रॅनाइटचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. गंगेच्या मुळाशीच, गोमुखाच्या वरच्या तपोवनात, भूवैज्ञानिकांनी ही म्हण मोडीत काढली. तपोवनाच्या माळावर उभे राहिले की समोर ६,५४३ मीटर उंचीचे शिवलिंग दिसते, तर हिमनदीच्या पलीकडे भागीरथी शिखरांची रांग. या शिखरांचे फिकट, जवळजवळ पांढरे कडे ग्रॅनाइटचे आहेत. भागीरथी-३ च्या माथ्यावर मात्र काळसर खडकाची टोपी आहे. तो समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा खडक. म्हणजे हा ग्रॅनाइट कधीकाळी शिलारस होता, खालून वर आला आणि आधीपासून असलेल्या खडकात घुसून तिथेच थिजला.

एवढे डोळ्यांनी कळते. पण तो शिलारस कशाच्या वितळण्यातून झाला? पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातून? समुद्रतळाच्या बेसाल्टमधून? की एखाद्या जुन्या समुद्रातल्या चिखलातून? ग्रॅनाइट पाहून हे सांगता येत नाही, कारण वेगवेगळ्या मूळ खडकांतून निघालेले शिलारस शेवटी बरेचसे सारखेच दिसतात: क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडे अभ्रक. हा प्रश्न रसायनशास्त्राने सोडवावा लागतो.

सह्याद्रीच्या बेसाल्टच्या बाबतीत कोडे तुलनेने सोपे होते. प्रावरणाचा खडक अंशतः वितळला की बेसाल्टचा शिलारस मिळतो, आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर तोच ओतला गेला. ग्रॅनाइट मात्र प्रावरणातून थेट वितळून निघत नाही. एक तर बेसाल्टी शिलारस खोलवर थंड होता होता त्यातली जड खनिजे वेगळी होत जातात आणि सिलिकाने समृद्ध असा शेवटचा रस उरतो. नाही तर आधीच तयार असलेले भूखंडाचे कवच पुन्हा वितळते. पर्वतरांगांमध्ये या दोन्ही गोष्टी घडतात. कुठे कोणती घडली, हे ओळखणे म्हणजे ग्रॅनाइटचे कूळ शोधणे.

दोन ग्रॅनाइट, दोन जन्मकथा

तुलनेसाठी हिमालयाच्या परिसरातलाच दुसरा ग्रॅनाइट घेऊ. लेह शहराच्या पाठीशी जे उघडेबोडके डोंगर आहेत आणि ज्यांच्यावरून खार्दुंग-लाचा रस्ता जातो, ते लडाख बॅथोलिथचे. बॅथोलिथ म्हणजे खोलवर थिजलेल्या शिलारसाचा प्रचंड साठा. लडाखचा हा साठा शेकडो किलोमीटर लांब आहे. त्याचा खडक करडा असून त्यात हॉर्नब्लेंडचे काळे कण ठळक दिसतात. काटेकोर बोलायचे तर त्याचा बराचसा भाग ग्रॅनोडायोराइट, म्हणजे ग्रॅनाइटचा सख्खा भाऊ आहे. शिवलिंग-भागीरथीच्या, म्हणजेच गंगोत्रीच्या ग्रॅनाइटमध्ये हॉर्नब्लेंड नावालाही नसते. त्यात रुपेरी मस्कोव्हाइट अभ्रक, टूर्मलीनच्या काळ्या कांड्या आणि अधूनमधून तांबूस गार्नेट असते. अशा फिकट खडकाला ल्युकोग्रॅनाइट म्हणतात. नेपाळमधल्या ८,१६३ मीटर उंचीच्या मनास्लूचा मोठा भागही याच प्रकारच्या खडकाचा आहे.

या दोघांचे नमुने प्रयोगशाळेत नेले तर काय काय करतात, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

नमुना घेण्यापासूनच काळजी सुरू होते. हवापाण्याने कुजलेला पृष्ठभाग फोडून आतला ताजा खडक घ्यायचा, कारण कुजताना सोडियम, कॅल्शियम यांसारखी मूलद्रव्ये वाहून जातात. खडक भरड असेल तर नमुना मोठा घ्यायचा, नाहीतर फेल्डस्पारचा एखादा मोठा स्फटिक सगळा हिशेब बिघडवतो. मग खडक फोडून, दळून पिठासारखा बारीक करतात. मुख्य मूलद्रव्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजतात. अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठी आणि समस्थानिकांसाठी पूड हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवून मास स्पेक्ट्रोमीटरकडे पाठवतात.

पहिला प्रश्न: अॅल्युमिनियम शिल्लक आहे का?

फेल्डस्पारमध्ये अॅल्युमिनियम असते आणि त्याच्या जोडीला सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम. खडक उन्हापावसात कुजतो तेव्हा फेल्डस्पारची चिकणमाती होते. सोडियम आणि कॅल्शियम पाण्यात विरघळून समुद्राला मिळतात, अॅल्युमिनियम मात्र मातीतच राहते. म्हणून एकदा चिखल झालेल्या खडकात अॅल्युमिनियमचे पारडे कायमचे जड होते. तो चिखल पुढे गाडला गेला, अभ्रकाचा शिस्ट झाला आणि वितळला, तरी हे जड पारडे शिलारसात उतरते. फेल्डस्पार बनवून उरलेले अॅल्युमिनियम मग मस्कोव्हाइट आणि गार्नेट यांसारख्या खनिजांत जाते.

हे मोजण्यासाठी अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या रेणूंची संख्या कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम यांच्या ऑक्साइडच्या एकूण रेणूंनी भागतात. १९७४ मध्ये ब्रूस चॅपेल आणि अॅलन व्हाइट यांनी आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या लाकलन पट्ट्यातील ग्रॅनाइटची अशीच विभागणी केली. हे गुणोत्तर १.१ च्या वर गेले की मूळ गाळाच्या खडकाचे, म्हणजे एस प्रकार; त्याखाली असले, हॉर्नब्लेंड आढळले की मूळ अग्निजन्य खडकाचे, म्हणजे आय प्रकार. या कसोटीवर गंगोत्रीचा ग्रॅनाइट एस बाजूला पडतो आणि लडाखचा बहुतांश खडक आय बाजूला. गंगोत्रीतले टूर्मलीनही तेच सुचवते. टूर्मलीनला बोरॉन लागते, आणि बोरॉन समुद्रातल्या चिकणमातीत भरपूर साठते.

पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. आय प्रकारचा शिलारसही थंड होताना हॉर्नब्लेंड गमावत गेला तर त्याचा शेवटचा रस अॅल्युमिनियमने थोडासा समृद्ध होऊ शकतो. म्हणून पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

दुसरा प्रश्न: वितळले कसे?

खडक भांड्यातल्या बर्फासारखा संपूर्ण वितळत नाही. लोणी कढवले की तूप वेगळे होते आणि तळाशी बेरी राहते. इथे अडचण अशी की हाती तूप तेवढे आले आहे आणि बेरी मात्र वीस-तीस किलोमीटर खोल राहिली आहे. तुपावरून लोणी कसले होते आणि आच किती होती, हे ओळखायचे.

या कामी रुबिडियम, स्ट्राँशियम आणि बेरियम उपयोगी पडतात. खडकाच्या दहा लाख भागांत यांचे काही दहा ते काही शे भाग असतात. प्रत्येकाची आवडीची जागा ठरलेली असते. रुबिडियम अभ्रकात बसते, स्ट्राँशियम प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारमध्ये, बेरियम पोटॅशियम फेल्डस्पारमध्ये आणि काही प्रमाणात अभ्रकात. त्यामुळे वितळताना कोणते खनिज संपले आणि कोणते मागे राहिले, याची नोंद या तिघांच्या प्रमाणात होते.

अभ्रकाच्या शिस्टमध्ये वितळणे दोन वाटांनी सुरू होऊ शकते. एका वाटेने बाहेरून पाणी शिरते. पाण्यामुळे क्वार्ट्झ आणि प्लॅजिओक्लेज कमी तापमानाला वितळतात, त्यामुळे शिलारसात स्ट्राँशियम आणि बेरियम चांगले उतरते. दुसऱ्या वाटेने बाहेरचे पाणी नसते. सुमारे ७०० ते ७५० अंश सेल्सियसला मस्कोव्हाइट स्वतःच मोडते, त्याच्या रचनेत अडकलेले पाणी सुटते आणि तेच वितळण्याला पुरते. या वेळी मस्कोव्हाइटमधले रुबिडियम शिलारसात येते. पण प्लॅजिओक्लेज बरेचसे मागे राहते आणि त्याबरोबर स्ट्राँशियमही. याच क्रियेत नवे पोटॅशियम फेल्डस्पार तयार होते, ते बेरियम धरून ठेवते. परिणामी शिलारसात रुबिडियम स्ट्राँशियमच्या कित्येक पट भरते आणि बेरियम घटते.

नायजेल हॅरिस आणि सायमन इंगर यांनी १९९२ मध्ये हे गणित हिमालयातल्या ल्युकोग्रॅनाइटना लावून दाखवले. हिमालयातले बहुतेक ल्युकोग्रॅनाइट दुसऱ्या वाटेचे निघाले. हे केवळ तपशिलाचे प्रकरण नाही. मस्कोव्हाइट मोडण्याचे तापमान दाबावर अवलंबून असते: दाब कमी झाला की ते तापमानही उतरते. म्हणजे खोल गाडला गेलेला तापलेला शिस्ट फारसा थंड न होता झपाट्याने वर उचलला गेला, तर नवी उष्णता न मिळताही तो वितळू लागतो.

इथेही एक पळवाट राहते. वर येताना शिलारसातून फेल्डस्पार वेगळे होत गेले तरीही स्ट्राँशियम आणि बेरियम घटते आणि रुबिडियमचे पारडे वर जाते. दोन कारणांची एकच खूण. हा पेच समस्थानिक सोडवतात, कारण स्फटिक वेगळे होण्याने समस्थानिकांच्या गुणोत्तरात जवळपास फरक पडत नाही.

तिसरा प्रश्न: मूळ खडक किती जुना?

रुबिडियम-८७ किरणोत्सर्गी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४९ अब्ज वर्षे, आणि त्याचे रूपांतर स्ट्राँशियम-८७ मध्ये होते. स्ट्राँशियम-८६ मात्र कायम तेवढेच राहते. म्हणून ८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर काळाबरोबर वाढत जाते. खडकात रुबिडियम जितके जास्त, तितके वेगाने. प्रावरणात रुबिडियम फार थोडे, त्यामुळे तिथे हे गुणोत्तर आज जेमतेम ०.७०३ च्या आसपास आहे. भूखंडाच्या जुन्या कवचात, त्यातही अभ्रकाने भरलेल्या गाळाच्या खडकात, ते बरेच वर गेलेले असते.

मोजणीत एक अडचण आहे. रुबिडियम-८७ आणि स्ट्राँशियम-८७ यांचे वस्तुमान इतके सारखे असते की यंत्राला दोघांत फरक करता येत नाही. म्हणून विरघळलेला नमुना आधी राळेच्या नळीतून ठिबकवत नेतात. त्यात दोन्ही मूलद्रव्ये वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, आणि यंत्राकडे फक्त स्ट्राँशियम जाते.

लडाख बॅथोलिथच्या बहुतेक नमुन्यांत जन्माच्या वेळचे गुणोत्तर ०.७०४-०.७०५ च्या आसपास येते. गंगोत्री आणि मनास्लू यांच्या ग्रॅनाइटमध्ये ते साधारण ०.७४ ते ०.७८ भरते. आकडे जवळचे वाटतील, पण या मोजपट्टीवर हे अंतर प्रचंड आहे. हिशेब करून पाहा. गंगोत्रीच्या ग्रॅनाइटचे वय सुमारे २.२ कोटी वर्षे. त्यात रुबिडियम स्ट्राँशियमच्या चौपट धरले, तरी एवढ्या काळात गुणोत्तर वाढते केवळ ०.००४ च्या आसपास. ०.७०५ पासून ०.७५ पर्यंत जायला याच वेगाने सत्तावीस कोटी वर्षांच्या आसपास लागतील. म्हणजे हे चढलेले गुणोत्तर ग्रॅनाइटने स्वतः कमावलेले नाही. ते मूळ खडकात आधीच होते आणि तो वितळला तेव्हा शिलारसात जसेच्या तसे आले. शिलारस एखाद्या ताज्या, प्रावरणातून नुकत्याच निघालेल्या खडकाचा असता, तर असे घडणे शक्यच नव्हते.

ऑक्सिजनही याला दुजोरा देतो. जमिनीच्या पृष्ठभागावर, कमी तापमानाला माती तयार होताना तिच्यात जड ऑक्सिजन-१८ जास्त साठतो. प्रमाणित समुद्रजलाशी तुलना केली तर प्रावरणाच्या खडकात हा ऑक्सिजन हजारी साडेपाचच्या आसपास जास्त असतो, तर मनास्लूच्या ल्युकोग्रॅनाइटमध्ये हजारी ११ ते १३. एवढा जड ऑक्सिजन खडकात येण्यासाठी त्याच्या द्रव्याने कधीतरी ऊन, पाऊस आणि माती पाहिलेली असावी लागते.

चौथा प्रश्न: कोणता गाळ?

गाळ हे उत्तर मिळाले, तरी हिमालयात गाळाच्या जुन्या खडकांच्या दोन मोठ्या राशी आहेत. मेन सेंट्रल थ्रस्ट या भ्रंशाच्या वरच्या बाजूला उच्च हिमालयाचे शिस्ट आणि पट्टिताश्म. खाली लघु हिमालयाचे खडक. दोन्ही भारताच्या उत्तर काठावर साचलेले. शिलारस यांपैकी कोणाचा?

इथे निओडिमियम कामी येते. समॅरियम-१४७ चे निओडिमियम-१४३ होते. अर्धायुकाल १०६ अब्ज वर्षे. निकाल ‘एप्सिलॉन’ या मापात सांगतात: संपूर्ण पृथ्वीची सरासरी म्हणजे शून्य, प्रावरणातून नुकते निघालेले द्रव्य शून्याच्या वर, आणि प्रावरणापासून वेगळे होऊन जितका काळ लोटला तितके खाली. लडाखचे बहुतेक नमुने शून्याच्या वरचे. उच्च हिमालयाचे शिस्ट उणे १५ च्या आसपास. लघु हिमालयाच्या आतल्या पट्ट्यातले जुने खडक उणे २० च्याही खाली. ल्युकोग्रॅनाइटचे आकडे उच्च हिमालयाच्या शिस्टशी जुळतात. म्हणजे शिवलिंगचा शिलारस फार दूरवरून आलेला नाही. तो ज्या राशीत घुसून थिजला, तिच्याच खोलवरच्या थरांतून निघाला.

साक्षीदार: झिरकॉन आणि मोनाझाइट

शेवटची साक्ष केसाच्या जाडीएवढ्या स्फटिकांची. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळपास नाकारतो. पुढे त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या ऱ्हासातूनच आलेले असते, म्हणून त्यावरून वय काढता येते. झिरकॉन फार चिवट. वितळणाऱ्या शिस्टमधला झिरकॉन पूर्ण विरघळायला बरेच तापमान लागते, आणि ल्युकोग्रॅनाइटचा शिलारस तुलनेने थंड असतो. त्यामुळे जुने झिरकॉन न विरघळता शिलारसाबरोबर वर येतात आणि त्यांच्याभोवती नवा पापुद्रा चढतो. स्फटिक कापून, घासून इलेक्ट्रॉनच्या झोताखाली धरला की आतला गाभा आणि बाहेरचे कडे वेगळे उजळतात. मग लेझरने किंवा आयनांच्या बारीक झोताने दोन्हींचे वय स्वतंत्र मोजतात. बाहेरचे कडे ग्रॅनाइटच्या जन्माची वेळ सांगते. गाभ्यांची वये त्याच्या कितीतरी मागे, काही अब्जभर वर्षांपर्यंत जातात. हे मूळ गाळातले वाळूचे कण, उच्च हिमालयाच्या शिस्टमध्येही आढळणारे.

अशा वारशाने भरलेल्या झिरकॉनवर गंगोत्रीचे वय ठरवणे किचकट जाते. म्हणून तिथे मोनाझाइट हे खनिज वापरले गेले. त्याचे वय २.२ ते २.३ कोटी वर्षे आले.

आलेख कुठे फसवतात

१९८४ मध्ये ज्युलियन पियर्स, नायजेल हॅरिस आणि अँड्र्यू टिंडल यांनी रुबिडियम, यिट्रियम, निओबियम या मूलद्रव्यांचे आलेख मांडले. ग्रॅनाइटचा बिंदू आलेखाच्या कोणत्या खान्यात पडतो, त्यावरून तो ज्वालामुखी कमानीचा, भूखंडांच्या टकरीचा की भूखंड फाटतानाचा, हे सुचते. हे आलेख आजही घराघरात, म्हणजे भूशास्त्राच्या प्रत्येक विभागात वापरले जातात, आणि तिथेच गफलत होते. आलेख मुळात शिलारसाच्या मूळ द्रव्याविषयी बोलतो, त्याच्या जन्मप्रसंगाविषयी नव्हे. समजा, ज्वालामुखी कमानीची झीज होऊन त्यातून वाळू साचली, ती कोट्यवधी वर्षांनी दुसऱ्याच कारणाने वितळली आणि तिचा ग्रॅनाइट झाला. तो कमानीच्या खान्यातच पडेल, जरी त्याच्या जन्माच्या वेळी आसपास कमान नसली तरी. दोन मूळ द्रव्ये मिसळली तर बिंदू मधल्या जागी पडतो आणि तिसऱ्याच खडकाचा भास होतो. म्हणून एका आकड्यावर कोणी शहाणा भूवैज्ञानिक पैज लावत नाही. अॅल्युमिनियम, रुबिडियम, स्ट्राँशियम, निओडिमियम, ऑक्सिजन आणि झिरकॉन या साऱ्यांची साक्ष एकाच दिशेने गेली, की मगच तो बोलतो.

सगळे जुळवून पाहिले तर

लडाखची कथा अशी: भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाच्या बाजूला खाली सरकत होता. त्या तळातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचे प्रावरण वितळले, त्यातून निघालेला शिलारस खोलवर थंड होत, वेगळा होत गेला आणि मुख्यतः ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वी लडाखचा बॅथोलिथ झाला. मग समुद्र संपला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड भिडले, कवच दुमडून जाड झाले. भारताच्या काठावरचा गाळ खोल गाडला गेला आणि त्याच्या स्वतःच्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या उष्णतेनेही तापला. पुढे तो भ्रंशांवरून वर सरकू लागला, दाब उतरला, मस्कोव्हाइट मोडले आणि २.२ कोटी वर्षांच्या सुमारास शिवलिंगचा शिलारस निघाला. यात किती वाटा उष्णतेचा, किती दाब कमी होण्याचा आणि किती बाहेरून आलेल्या पाण्याचा, यावर आजही वाद झडतात. प्रत्येक शिखराचे उत्तर सारखेच असेल असेही नाही.

पण एका बाबतीत आकडे निःसंदिग्ध आहेत. लडाखमध्ये प्रावरणातून नवे द्रव्य वर आले आणि भूखंडात भर पडली. गंगोत्रीत प्रावरणाची भर जवळपास शून्य. जुनाच गाळ वितळला आणि पुन्हा खडक झाला. पर्वत उभा राहिला म्हणजे भूखंड वाढले, असे नाही. समुद्राचा तळ खाली जात असताना भूखंड वाढते. दोन भूखंड टकरतात तेव्हा आहे तेच द्रव्य नव्याने मांडले जाते. पृथ्वीवरचे भूखंड केव्हा आणि किती वाढले, हा भूशास्त्रातला मोठा प्रश्न आहे. त्याचा हिशेब मांडताना प्रत्येक ग्रॅनाइट जमेच्या बाजूला धरून चालत नाही, आणि कोणता धरायचा हे ठरवायला त्याचे कूळ आधी शोधावेच लागते.